चार क्रेऊसा, दोन चैताली

निशिकांतची पहिली बायको चैताली तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. दुसरी मिळाली, तीही चैताली. आता याला कोण काय करणार?

लग्न सिंगापुरातच नोंदवलं होतं, पण पुण्याहून आलेल्या त्याच्या आईला, प्रेमाताईंना, ते लग्न वाटेना. रविवारी सकाळी टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये त्यांनी ताटात तांदूळ पसरले. अंगठीने त्यात सुनेचं नवं नाव लिहायचं, आणि ते 'अनघा' असेल, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"एका घरात एका नावाच्या दोघी नकोत गं. पोरीचा जीव गोंधळतो."

चैतालीचा जीव मात्र जळत होता. अडतीस वर्षं वापरलेलं नाव काय दुकानात परत करायचं? पण पहिल्या चैतालीची मुलगी, अकरा वर्षांची इरा, तिला नाव टाळून नुसतं 'आंटी' म्हणायची. निशिकांत 'अगं'वर भागवायचा. त्या पोरीला दुखवायच्या भीतीने चैतालीने मान डोलावली.

निशिकांतने आईकडे आणि बायकोकडे पाहिलं आणि तो नोकरीला होता त्या तुआसच्या जहाज-दुरुस्ती यार्डातलं एक अडलेलं जहाज त्याला नेमकं आठवलं. अंगठी टेबलावर ठेवून तो फोन घेऊन किचनमध्ये गेला.

टेबलावर इराचा होमवर्क पसरला होता. "आजी, ग्रीक गोष्टींत क्रेऊसा नावाच्या चार बायका आहेत. फोर! एक जळत्या गावातून पळताना मागे राहिली. एकीने गिफ्ट आलेला ड्रेस घातला आणि जळूनच गेली."

"अगं बाई! मग लोक ओळखायचे कसे?"

"सिंपल लाह," इराने सिंगापुरी हेल काढला. "कोणाची डॉटर, कोणाची वाइफ, ते सांगायचं. नाव कोणी चेंज नाही केलं."

एवढं बोलून तिने अंगठी उचलली. देवनागरीत तिला दोनच शब्द लिहिता यायचे, स्वतःचं नाव आणि आईचं. आईनेच हात धरून शिकवले होते. जीभ बाहेर काढून तिने तांदळात सावकाश 'चैताली' लिहिलं.

"आंटी, पुढे टू लिहू?"

चैतालीला रडूच फुटलं. प्रेमाताईंनी ताट स्वतःकडे ओढलं.

"आकडा कशाला? रेशनकार्ड आहे का ते?" त्यांनी पदराने डोळे पुसले. "चैताली, कुंकू आण गं."

तीन वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदाच कोणी मोठ्याने घेतलं होतं. चैताली उठली आणि कुंकू शोधू लागली. ते कुठे असतं, ते इराने दाखवलं.