तीस सेकंदांची चार मिनिटे

मित्रांनो, मला दोनच कामे येतात. सुरू होणे आणि थांबणे. मधल्या वेळात मी जे मोजते ते खरे असते. मी किल्लीचे स्टॉपवॉच आहे. वय झाले आहे, काचेवर एक ओरखडा आहे, पण माझ्या पोटातले लहान चाक आजही एका सेकंदात पाच वेळा टकटक करते. कोणी घाबरले म्हणून ते हळू होत नाही आणि कोणी टाळ्या वाजवल्या म्हणून थांबत नाही.

माझा जन्म भिंगातून बघणाऱ्या बायकांच्या हातून झाला. पितळेची चाके, निकेलची डबी, पांढरी तबकडी आणि डोक्यावर एक बोंड. बोंड फिरवले की किल्ली बसते. एकदा दाबले की मी चालू, दुसऱ्यांदा दाबले की बंद, तिसऱ्यांदा दाबले की काटा शून्यावर. ह्यापेक्षा सोपा स्वभाव तुम्हाला सापडणार नाही.

उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी पंचवीस वर्षे गेली. तिथले मदतनीस हेमचंद्रकाका रोज सकाळी मला बारा वेळा किल्ली देत. "स्प्रिंग सैल पडू द्यायची नाही," ते म्हणत. "ऐन वेळी किल्ली द्यायला कोणाला वेळ असतो?" मुले माझ्यावर लंबकाचे झोके मोजत. एक मीटरचा लंबक वीस झोके चाळीस सेकंदांत घेतो. काही मुले लंबक न हलवताच वहीत चाळीस लिहीत. खोटेपणाची किळस मला तिथेच पहिल्यांदा आली. वृंदा नावाची एक मुलगी मात्र तोच प्रयोग पाच वेळा करी आणि पाचही आकडे लिही. एक आकडा चुकलेला असला तर तोही लिही.

पुढे आकडे दाखवणारी घड्याळे आली, मग मोबाइल आले. मी कपाटात गेले. सहा वर्षे मला कोणी किल्ली दिली नाही. तेल घट्ट झाले. शेवटी माझ्या पाठीवर 'निर्लेखित' अशी चिठ्ठी लागली. म्हणजे भंगार. वृंदा तेव्हा इतकी वर्षे न्यायचे राहून गेलेले पदवीचे प्रमाणपत्र घ्यायला आली होती. काकांनी प्राचार्यांना विचारून मला तिच्या हातावर ठेवले.

"घेऊन जा गं. भंगाराच्या पोत्यात हे टाकताना माझा हात धजणार नाही."

"काका, चालतं ना अजून?"

"तू चालवलंस तर चालेल."

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर तिचे घर आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीने मला उघडले, धुतले, तेल दिले, आणि मी पुन्हा टकटक करू लागले. वृंदाला बदलापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात सुरक्षा सहायक म्हणून नोकरी लागली होती. मीही कामावर रुजू झाले.

काम सोपे होते. भोंगा वाजला की मला सुरू करायचे. पाळीतली बेचाळीस माणसे फाटकाजवळच्या बदामाच्या झाडाखाली जमली, सगळ्यांची नावे पुकारून झाली, की मला थांबवायचे. तीन मिनिटांच्या आत हे व्हायला हवे. कारखान्यात अमोनियाची टाकी होती आणि अमोनिया तीन मिनिटांपेक्षा जास्त सवलत देत नाही.

पहिल्या सरावाला सहा मिनिटे चाळीस सेकंद लागली. सर्वांत शेवटी ऑपरेटर कमलेश बाहेर आला. तीस-बत्तीस वर्षांचा, देखणा, सगळ्यांचा लाडका. सरावासाठी सोडलेल्या धुराकडे पाठ करून, कॉलर वर करून, सुरक्षेचा चष्मा कपाळावर चढवून तो सावकाश चालत आला. त्याचा मित्र मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होता. लोक शिट्ट्या मारत होते.

"मॅडम, हिरो कधी मागं वळून बघत नाय," तो म्हणाला. "स्लो मोशनमध्येच यायचं असतं."

"खरा गॅस असता ना कमलेशदादा, तर तुम्ही स्लो मोशनमध्येच गेला असता. वरती."

सगळे हसले. तोही हसला. वृंदाने वहीत सहा मिनिटे चाळीस सेकंद लिहिले.

हे चालणे तो कुठे शिकला ते मला लवकरच कळले. वर्षभरात एकही अपघात झाला नाही म्हणून सुरक्षा सप्ताहाचे बक्षीस म्हणून मॅनेजर गुरुदत्तसाहेबांनी पूर्ण पाळीला सिनेमाला नेले. ज्या सिनेमात एकाही माणसाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते असा तो सिनेमा. उल्हासनगरचे थिएटर होते. वृंदाने मला पर्समधून काढून मुठीत धरले होते. तिला वाटले गंमत म्हणून मोजू.

मित्रांनो, मी पुष्कळ खोटे आकडे पाहिले आहेत, पण इतके एका जागी कधी पाहिले नव्हते.

नायक काळ्या कोटातला होता आणि त्याला उडता येत होते. ते मी सोडून देते. माणसाने उडण्याचे स्वप्न बघितले तर मी कोण हरकत घेणार? पण चाळीस मजल्यांवरून एक मुलगी खाली पडली. चाळीस मजले म्हणजे साधारण एकशे वीस मीटर. पाच सेकंदांत खेळ संपतो. ती एक्कावन्न सेकंद पडत होती. मध्ये दोघांचे बोलणेही झाले. मग जमिनीपासून हातभर अंतरावर त्याने तिला झेलले. वृंदाने तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने हिशेब केला आणि शेजारच्या कमलेशला दाखवला.

"ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या वेगानं येतेय ती. हातभर अंतरात थांबवली तर तिच्या वजनाच्या दोनशेचाळीस पट जोर लागेल. मेली ती. जमिनीऐवजी हातावर मेली, एवढाच फरक."

"मॅडम, तुम्ही पॉपकॉर्न खा ना," कमलेश म्हणाला.

मग बॉम्ब आला. बॉम्बवर घड्याळ होते. माझ्याच जातीचे. लाल आकड्यांत तीस सेकंद उरले होते. वृंदाने माझे बोंड दाबले. नायकाने खलनायकाला दोनदा भिंतीवर आपटले. तेवीस. खलनायकाने आपले बालपण सांगितले. एकोणीस. नायकाला आई आठवली, आई पिवळ्या उजेडात हसली, वारा आला. चौदा. शेवटी एक सेकंद उरला असताना नायकाने वायर तोडली आणि वृंदाने मला थांबवले. माझ्या काट्यांवर चार मिनिटे बारा सेकंद झाले होते.

मला शिसारी आली. घड्याळ एकदा खोटे बोलू लागले की त्याच्यात उरते काय? ते घड्याळ लोकांना सांगत होते की तीस सेकंद म्हणजे भरपूर वेळ. भांडून घ्या, रडून घ्या, कॉलर नीट करा. आपल्याच नात्यातला कोणी भर चौकात लाच घेताना दिसावा तसे मला झाले.

शेवटी एक आख्खी इमारत कोसळली. धूळ उठली. त्या धुळीतून नायक चालत आला. त्याला खोकला नाही, केसाला धक्का नाही. टाळ्या पडल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून काशीमावशीचा आवाज आला. काशीमावशी पॅकिंगला होत्या, रोज वांगणीहून यायच्या. त्यांनी आयुष्यात चार-पाचच सिनेमे पाहिले असतील.

"अगो, येवरी बिल्डिंग परली, आतली मानसां खं गेली?"

इमारत पडली, पण तिच्यातली माणसे कुठे गेली, एवढेच त्यांना विचारायचे होते. पूर्ण रांग खो खो हसली.

"ए मावशे," कमलेश म्हणाला, "पिक्चर हाय तो! डोकं घरी ठेवून बघायचा!"

"डोकं घरी ठेवलं तर हेल्मेट कशावर घालणार?" वृंदा म्हणाली, पण तिचे कोणी ऐकले नाही. पडद्यावर पुढच्या भागाची जाहिरात सुरू झाली होती.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत कमलेशच्या मोबाइलवर असले सिनेमे मी रोज ऐकू लागले. वृंदा मला टेबलावर ठेवून डबा खात असे. सगळ्यांचा आवाज एकच. धडाम, मग शांतता, मग एक जाड आवाजातले वाक्य, मग पुन्हा धडाम. गाडी उडे, पूल पडे, शहर बुडे. कोणी कधी हजेरी घेतली नाही. इतकी माणसे मारून एकाचेही नाव न विचारणारी ही करमणूक मला कोंदट वाटे, बंद कपाटासारखी.

वृंदा सराव घेत राहिली. पाच मिनिटे दहा. चार मिनिटे पाच. तीन मिनिटे वीस. लोक कुरकुरत, पण वेळ उतरत होती.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, टाकीच्या पाइपाचा एक जोड फुटला. भोंगा वाजला. वृंदाने बोंड दाबले आणि मला हातात धरून ती बदामाच्या झाडाकडे धावली. त्या दिवशी सकाळी तिने मला किल्ली दिली होती. बारा वेळा.

माणसे खोकत, डोळे चोळत बाहेर आली. कमलेशही आला. पण झाडाखाली पोचायच्या आधीच तो वळला.

"मावशी! काशीमावशी आतच हाय! मागं दिसली नाय मला!"

"थांबा!" वृंदा ओरडली. "आधी मोजू द्या!"

त्याने रुमाल तोंडाला बांधला आणि तो पांढऱ्या धुरात शिरला. अगदी पडद्यावरच्यासारखा.

वृंदाने नावे पुकारली. दोन मिनिटे पन्नास सेकंदांत एक्केचाळीस माणसे हजर होती. त्यांत काशीमावशी होत्या. सरावात शिकवल्याप्रमाणे वाऱ्याच्या उलट बाजूच्या दाराने त्या केव्हाच बाहेर पडल्या होत्या आणि झाडामागून येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कमलेस खं गेला?" त्यांनी विचारले, आणि कोणीतरी सांगितल्यावर त्या मटकन खाली बसल्या. "मना बगाला? मी त हितं हाय रं!"

वृंदाचा पाय एक पाऊल पुढे पडला. मी तिच्या मुठीत होते, मला ते कळले. मग पाय थांबला. तिने शिकवून तयार केलेल्या दोघांना पाठीवर हवेची नळकांडी आणि तोंडावर मुखवटे चढवायला सांगितले.

"मॅडम, टायम नाय! सोडा त्यांना!" मागून कोणी ओरडले.

"मुखवटा घट्ट बसलाय का ते बघू दे. एक माणूस आत आहे, मला तीन करायचे नाहीत."

मुखवटे तपासायला पंचावन्न सेकंद लागले. मित्रांनो, इतके लांब पंचावन्न सेकंद मी आयुष्यात मोजले नाहीत, पण ते पंचावन्नच होते. इथे कोणी बालपण सांगितले नाही. पिवळा उजेड पडला नाही. एक बाई जमिनीवर बसून कपाळ बडवत होती आणि माझे चाक टकटक करत होते, सेकंदाला पाच वेळा. त्या काळ्या कोटवाल्याची मला तेव्हा जेवढी घृणा वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती. हे धाडस त्याने शिकवले होते. मोजायला मात्र शिकवले नव्हते.

सहा मिनिटे वीस सेकंदांनी दोघांनी कमलेशला उचलून बाहेर आणले. तो पॅकिंगच्या दाराशी सापडला होता. काशीमावशीच्या रिकाम्या स्टुलाला धरून बसला होता. त्याच्यावर पाणी सोडले, मग रुग्णवाहिका आली. तो जगला. तीन आठवडे दवाखान्यात होता. आवाज बसला तो मात्र बसलाच.

पावसाळ्यानंतर एका दुपारी कँटीनच्या टीव्हीवर तोच सिनेमा लागला. कोणी मुद्दाम लावला नव्हता. बॉम्बवर तीस सेकंद आले तेव्हा कमलेशने वृंदापुढे हात केला.

"मॅडम, घड्याळ द्या जरा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

त्याने बोंड दाबले. पहिल्यांदाच त्याच्या हातात होते मी. नायकाने आपटले, खलनायक बोलला, आई हसली. दोन मिनिटे पन्नास सेकंदांवर कमलेशने मला थांबवले आणि टेबलावर ठेवले. पडद्यावर अजून अकरा सेकंद बाकी होते.

"एवढ्यात आपली एक्केचाळीस माणसं भायेर आलेली," तो म्हणाला.

"आन बेचाळिसावा?" काशीमावशींनी विचारले.

"तो आत गेलता. येडा."

मग पडद्यावर इमारत कोसळली. काशीमावशींनी डब्याचे झाकण लावता लावता पुन्हा तेच विचारले, आतली मानसां खं गेली? ह्या वेळी कोणी हसले नाही. कमलेश उठला आणि त्याने टीव्ही बंद केला.

मित्रांनो, सिनेमे बघू नका असे मी म्हणत नाही. माझे कोण ऐकेल? पण बघताना कधीतरी एक खरे घड्याळ हातात धरा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने यंत्र कपाटात पडले असेल तर त्याला रोज किल्ली द्या, आठवड्याला नको, रोज. ज्या दिवशी त्याची गरज लागेल तो दिवस आधी कळवून येत नाही.

आमचा सराव आता दोन मिनिटे एकतीस सेकंदांत होतो. बदामाखाली वृंदा नावे पुकारते. "कमलेश!" म्हटले की तो हात वर करतो, तोंड उघडतो, पण त्याचा आवाज फाटकापर्यंत पोचत नाही. तेव्हा शेजारून काशीमावशी ओरडतात, "हाय! कमलेस हाय! हितंच हाय!"

मग वृंदा मला थांबवते.