पेटीत पंप नव्हता

मी एक जुना पायपंप आहे, मित्रांनो. मोटारसायकलच्या चाकात हवा भरणे हे माझे काम. आपली कहाणी सांगताना वस्तूंनी आवाज मऊ ठेवावा म्हणतात. मला ते जमणार नाही.

लोखंडी पाय, एक नळकांडे, दाब दाखवणारी तबकडी आणि रबरी नळी, एवढेच माझे शरीर. दुकानात मी सर्वांत खालच्या फळीवर होतो. वरच्या फळीवर बॅटरीचे, दिवे लुकलुकणारे पंप होते. गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडेच बघे.

एके दिवशी गुरांची डॉक्टर आपल्या दिराला घेऊन पंप बघायला आली. ती मोटारसायकलवरून गोठ्यागोठ्यांत फिरून जनावरांवर उपचार करी. दुकानदार मात्र दिराशीच बोलत राहिला. दिराला दिव्यांचा पंप आवडला. बटण दाबले की काम झाले, असे त्याचे म्हणणे. आडवाटेला बॅटरी उतरली तर काय, असे तिने विचारले. मग तिने एकेक पंप बाहेर नेऊन स्वतःच्या गाडीच्या मागच्या चाकाला लावून पाहिला. एकाची नळी पोहोचेना, एकाचे तोंड व्हॉल्व्हवर बसेना. छोटा हातपंप मारून मारून तिचे खांदे भरून आले, तरी चाक ढिम्मच. दुकानदाराने नाक मुरडले. शेवटी तिने मला जमिनीवर ठेवून पाय दिला आणि काटा सरसर वर चढला.

"हाच द्या," ती म्हणाली.

गाडीच्या मागच्या पेटीत, औषधांशेजारी, मला जागा मिळाली. ती माझी नळी पुसायची, चीर पडली का बघायची, सांध्यात तेलाचा थेंब सोडायची. चिखलात, उन्हात मी तिचे चाक उभे केले. काम झाले की ती मला थोपटायची.

आणि मग दिराने मला नेले. मित्रांबरोबर तळ्याकाठी राहायला जायचे होते, हवेच्या गाद्या फुगवायच्या होत्या. वहिनीला विचारायची तसदीसुद्धा त्याने घेतली नाही! परत आल्यावर त्याने मला तसेच चिखलाने माखलेले जिन्याखाली चपलांच्या ढिगात भिरकावले.

दुसऱ्या सकाळी डॉक्टरला बोलावणे आले. एका बाईची एकुलती एक म्हैस विताना अडली होती. डॉक्टर तशीच निघाली. जिन्याखालून मी गाडी सुरू झालेली ऐकली. मला तोंड असते तर ओरडलो असतो.

पुढचे संध्याकाळी कळले. अर्ध्या वाटेत चाकात खिळा रुतला होता. खिळा तसाच ठेवून, हवा भरत भरत गाडी नेता आली असती. तिने पेटी उघडली. मी नव्हतो. ती पिशवी खांद्याला लावून पळत सुटली. पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. म्हैस कशीबशी वाचली. रेडकू गेले.

ती घरी आली तेव्हा तिच्या बाह्या वाळलेल्या रक्ताने कडक झाल्या होत्या.

"वहिनी, एवढं काय? पंपच तर होता," दीर म्हणाला.

"त्या बाईने विचारलं, जरा आधी आला असतात तर वाचलं असतं का. मी हो म्हणाले. उशीर का झाला, ते मात्र सांगता आलं नाही. काय सांगणार होते?"

दोन दिवसांनी दिराने दिव्यांचा नवा पंप आणून तिच्यापुढे ठेवला, जणू फिटंफाट झाली. तिने तो त्याच्याच हातात दिला आणि "उद्या माझ्याबरोबर चल," म्हणाली. उशीर का झाला, ते त्या बाईला त्यानेच सांगायचे होते.

तो गेला. तिने मला धुऊन पुन्हा पेटीत ठेवले होते, तिथून मी ऐकत होतो. त्याची जीभ अडखळली, पण त्याने सगळे सांगितले. बाई म्हशीच्या कासेपाशी बसली होती. रेडकू नाही म्हणून म्हैस पान्हा सोडत नव्हती.

"मागितला असतास, तर वहिनीने दिला नसता का?" बाईने मान वर न करता विचारले.

"दिला असता."

बाई कासेला पाणी लावत राहिली. भांडे कोरडेच होते.

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाची वस्तू विचारल्याशिवाय उचलू नका. उचललीत तर पुसून, होती तिथेच ठेवा. हे मी माझ्यासाठी सांगत नाही. मी लोखंडाचा आहे, चिखल धुतला की पुन्हा पहिल्यासारखा झालो. त्या गोठ्यात मात्र काही धुऊन निघणार नव्हते.