चाखणं म्हणजे खाणं नव्हे

“तुम्ही गोळी घेतच नसणार,” रिपोर्टवर बोट आपटत डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“वा! मी स्वतः रोज पहाटे हातावर ठेवते,” आचाऱ्याची बायको उसळली. “उपाशीपोटी. वर नुसतं पाणी.”

आचारी गप्प. हल्ली तो गप्पच असे. कारखान्याच्या कँटीनचा हा मुख्य आचारी. एके काळी त्याच्या हाकेने मदतनिसांची पळापळ व्हायची. आता आवाज घोगरा, चेहरा सुजलेला आणि भट्टीशेजारीही अंगात स्वेटर. उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचा. मिठाचा तर भरवसाच राहिला नव्हता. कामगारांनी त्याचं नाव ‘अजगर’ ठेवलं होतं. महिनाअखेर सुधारणा दिसली नाही तर भट्टीवर दुसरा माणूस येईल, असं मॅनेजरने बजावलं, त्यावर हा नुसता ‘बरं’ म्हणाला. झोप उडाली ती बायकोची.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की सगळं शरीरच पाय ओढत चालतं, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीतच समजावलं होतं. औषध साधं, एक चिमुकली गोळी. पुढे तासभर खाणंपिणं बंद. दोन महिने झाले तरी रिपोर्ट जैसे थे.

“गोळीनंतर काय करता?”

“कामावर जातो. कँटीन घराला लागूनच आहे.”

“तिथे खाता काही?”

“छे! सगळे जेवल्याशिवाय आचारी जेवत नसतो.”

“आणि चहा?”

“पीत नाही. चाखतो फक्त. पहिल्या पाळीचा चहा, अर्धा पेला. दूध तापलं की दूध. मग खीर असली तर...”

“अहो, ते पोटातच जातं ना?”

“चाखणं म्हणजे खाणं नव्हे, बाई,” नव्या मदतनिसाला सांगावं तसं त्याने सांगितलं.

बायकोने कपाळावर हात मारला. घोडं इथे पेंड खात होतं! चहा-दूध पाठोपाठ गेल्यावर गोळी लागू पडणार कशी?

दुसऱ्या दिवसापासून पहिला तासभर चाखायचं काम मदतनिसाकडे गेलं. हळूहळू गोळी लागू पडली. सूज उतरली, स्वेटर सुटला. पण महिनाअखेर काही थायरॉइडसाठी थांबली नाही. भट्टीवर नवा आचारी आला होता. हा बरा होऊन मॅनेजरकडे गेला, तर मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, “आता कशाला दगदग? तुम्ही भाज्या चिरा.”

त्या संध्याकाळी बायको मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. बोलता बोलता तिने मागे वळून पाहिलं. एरवी एव्हाना घोरू लागणारा माणूस भिंतीला टेकून टक्क जागा होता. गाल ओले होते.

“अहो, रडताय?”

“वाईट वाटतंय गं,” तो म्हणाला. “फार वाईट वाटतंय.”

कितीतरी महिन्यांत त्याला कशाचं काही वाटलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली.

“रडून घ्या,” ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.