हिसामिनेच्या कोपऱ्याचा दगड

मित्रांनो, हिसामिनेचा डोंगर चढताना धाप लागली की तुम्ही ज्या लांबट दगडावर टेकता, पाण्याची बाटली उघडता आणि बुटातली माती झटकता, तो मी. माझ्या एका कडेला ओळीने खाचा आहेत. बरीच मुले त्यांत बोटे घालून पाहतात आणि हे कुणाचे दात म्हणून विचारतात. ते दात नाहीत. त्या पाचरींच्या खुणा आहेत. माझ्या जन्माच्या खुणा.

त्याआधी मी वेगळा असा नव्हतोच. नदीकाठच्या कड्यात, काळोखात, डोंगराचाच एक भाग होतो. एके दिवशी याहेई नावाचा तरुण पाथरवट आला. त्याने कड्याला कान लावला, हातोडीने हलकेच ठोकून पाहिले, आणि ओळीने खाचा पाडून त्यांत लोखंडी पाचरी बसवल्या. मग तो एकेका पाचरीवर बेताने घाव घालत गेला. बराच वेळ काहीच झाले नाही. आणि मग माझ्या आतून एक आवाज निघाला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. माझ्या एका अंगाला वारा लागला, ऊन लागले. उजेड म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळले. आजही पहाटे पूर्वेचा डोंगर तांबूस झाला की मी तसाच थक्क होतो.

डोंगरावर किल्ला बांधायचा होता. मला वर न्यायला खालचे अख्खे शिमोदानी गाव आले होते. लाकडी घसरगाडीवर मला बांधले, खाली ओंडके टाकले, आणि म्हातारे, बाया, सगळे दोराला लागले. पुढे उभी राहून आरोळी देणारी मुलगी होती ओताकी. दोर सैल पडला की ती पुरुषांना म्हणायची, "जोर लावा की! सकाळी भात खाल्लात का नुसता वास घेऊन आलात?" लोक हसायचे आणि हसता हसता ओढायचे. माझ्याएवढा जड दगड माणसांच्या हसण्यावर डोंगर चढला, हे मला अजून खरे वाटत नाही. पुढे याहेईने ओताकीशीच लग्न केले.

किल्ल्याच्या भिंतीत मी कोपऱ्याचा दगड झालो. कोपऱ्याला एक दगड इकडे लांब, तर त्यावरचा तिकडे लांब, अशी वीण घालतात. चुना नाही, माती नाही. दगडाने दगड धरायचा. आमच्या पाठीमागे गोट्यांचा थर होता आणि त्यामागे डोंगराची सगळी माती आमच्यावर रेलून उभी होती.

किल्ला लहानच होता. एक दुमजली टेहळणीचा बुरूज, एक विहीर, तांदळाचे कोठार. आमच्या सरदाराचे नाव दोन खोरी ओलांडली की कुणाला ठाऊक नसे. पण थंडीच्या दिवसांत सकाळी खालचे खोरे धुक्याने भरून जाई, आणि फक्त डोंगरमाथे बेटांसारखे वर राहत. पहारेकरी भाले टेकवून मुकाट्याने बघत राहायचे. एकदा शत्रूही आला. गावकरी वर आमच्या आश्रयाला आले, खालची शेते जळताना पाहत राहिले. बर्फ पडू लागले तेव्हा शत्रू परतला.

पुढे देशात शांतता झाली. दूरच्या मोठ्या दरबारातून हुकूम आला की प्रत्येक प्रांताने एकच किल्ला ठेवावा, बाकीचे मोडावेत. सरदाराचे कुटुंब समुद्राकाठच्या नगरात गेले. बुरुजाचे लाकूड काढून नेले. उरलो आम्ही भिंती. त्या मोडून घ्यायला कुरोइवा नावाचा अंमलदार आला, आणि त्याने याहेईला बोलावणे पाठवले. याहेईचे केस आता पांढरे झाले होते.

याहेईने हुकूम ऐकला आणि सांगितले, "मी रचलंय, मीच काढीन. पण काढीन तर सगळं काढीन, सरकार. अर्धी भिंत मागे राहिली तर लोक म्हणतील, याहेईची भिंत कोसळली. मोडली असं कुणी म्हणणार नाही."

कुरोइवा माझ्याजवळच भाताचा डबा उघडून बसला होता. ओताकीने त्याला चहा आणून दिला. त्याने खाणे थांबवले आणि गेल्या वर्षी पाहिलेली एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या एका खोऱ्यात असाच किल्ला मोडला होता. शेवटचा दगडसुद्धा ठेवला नव्हता. मोडणाऱ्यांना वरून शाबासकी मिळाली. पुढच्या पावसात तो डोंगर खाली आला.

"खाली वस्ती होती," तो म्हणाला. "आता नाही."



"रस्त्यावरून दिसतात ते कोपरे," कुरोइवा पुढे म्हणाला. "कोपरे मोड. कोपरे गेले की किल्ला गेला, एवढं मी वर सांगू शकतो. मधल्या भिंतीबद्दल मला कुणी विचारणार नाही."

याहेई तरीही मान हलवीना. आपले सगळ्यात चांगले काम लुळे-पांगळे करून मागे ठेवायचे, हे त्याला सहन होत नव्हते. तेव्हा ओताकी चहाचे भांडे उचलता उचलता म्हणाली, "अहो, आपली लेक ओनुई कुठे नांदते? या भिंतीच्या बरोबर खाली. लोक तुम्हाला हसले तर हसू देत. हसायला माणसं तरी उरतील."

याहेई उठला आणि पहार घेऊन आला.

वरचे दगड काढत काढत तो माझ्यापर्यंत पोचला. मला त्याने ढकलून दिले नाही. दोर बांधून, माणसे लावून हळूहळू उतरवले आणि उतारावरच्या सपाट जागी आडवे ठेवले. माझ्याकडे न बघता तो पुढच्या दगडाकडे वळला.

आणि मित्रांनो, तिथे पडल्या पडल्या मी वर पाहिले. भिंतीत असताना मला भिंत कधी दिसलीच नव्हती. शेजारचे दोन दगड तेवढे माझ्या ओळखीचे होते. आता ती सबंध माझ्यासमोर होती. खाली पसरट, वर जाताना उभी होत गेलेली, देवळाच्या छपरासारखा अलगद बाक घेतलेली. एकही दगड दुसऱ्यासारखा नाही, आणि एकही जागा चुकलेला नाही. हे माणसांच्या हातांनी केले होते? आणि मी यात होतो? कोपरे तुटलेल्या त्या भिंतीकडे मी कितीतरी ऋतू नुसता पाहत राहिलो.

लोक हसले, ते खरेच. घाटातून जाणारे मिठाचे व्यापारी वर बोट दाखवून म्हणायचे, "कोण पाथरवट होता रे हा? साधे कोपरेसुद्धा धरले नाहीत." एकदा याहेई त्याच वाटेने सरपण घेऊन चालला होता. व्यापाऱ्याने त्यालाच विचारले.

"होता कुणीतरी," याहेई म्हणाला, आणि मोळी सावरून पुढे गेला.

मग एका वर्षी पाऊस थांबेचना. एका सकाळी डोंगराच्या दोन्ही अंगांनी झाडांसकट माती सुटली. तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच, जमिनीतून येत होता. याहेई गवताचा झगा पांघरून, काठी टेकत वर आला आणि भिंतीसमोर भिजत उभा राहिला. भिंतीच्या फटीफटीतून गढूळ पाणी उसळत होते. दगड एकमेकांवर करकरत होते. पण एकही सुटला नाही. दुपारनंतर पाणी हळूहळू निवळत गेले, आणि फटींतून झऱ्यासारखे स्वच्छ वाहू लागले. खाली गावातल्या चुलींचा धूर दिसला. त्यात ओनुईच्याही घराचा होता. याहेईने चिखलात गुडघे टेकले आणि कुणा वडीलधाऱ्याला करावा तसा भिंतीला वाकून नमस्कार केला. तो पुन्हा वर आला नाही. त्याच हिवाळ्यात गेला, असे सरपणाला येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात आले.

नंतर रान वाढले. बांबूने आम्हाला गिळले. लोक किल्ल्याचे नावही विसरले. लहान दगड बांधाला गेले. मी जड म्हणून राहिलो. रानडुकरे माझ्यावर पाठ घाशीत. शेवाळे चढले, वाळले, पुन्हा चढले.

अलीकडे शिमोदानीतल्या फुसाएबाईंनी शेजारपाजाऱ्यांना घेऊन बांबू तोडायला सुरुवात केली. त्यांचे टोफूचे दुकान भिंतीच्या खालीच आहे. भिंत उजेडात आली, तशी गावच्या कचेरीला हुरूप आला. कोपरे पुन्हा रचावेत, वर सिमेंटचा बुरूज बांधावा, पाहुणे येतील, असे ठरले. मला उचलायला पट्टे बांधले. जुन्या भिंतींचे जाणकार इकुता मोजमापाला आले होते. ते भिंतीपाशी बराच वेळ फिरले आणि फुसाएबाईंजवळ येऊन बसले.

"हे पडलेलं नाही, मोडलेलं आहे," ते म्हणाले. "तेही कोपरे तेवढेच. मधल्या भिंतीला मुद्दाम हात लावलेला नाही. तिने सगळी माती धरलीय."

फुसाएबाई खालच्या छपरांकडे बघत राहिल्या. "म्हणजे ज्यानं मोडलं, त्यानंच आम्हाला राखलं म्हणायचं."

"तसंच दिसतंय."

"मग त्याचं काम आपण कशाला खोडायचं?"

कचेरीत पुष्कळ वाद झाले. शेवटी माझे पट्टे सोडले. बुरूज झाला नाही. दर वसंतात लोक येतात, बांबूचे नवे कोंब काढतात आणि फटींत रुजलेली झाडे मुळासकट उपटतात. एवढेच आम्हाला लागते.

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या मुलखातही मोडक्या भिंती असतील. त्यांच्यावर नावे कोरू नका, त्यांचे दगड घरी नेऊ नका, आणि मोडक्या दिसतात म्हणून हसू नका. जवळ जा. तळहात टेकवा. गार लागेल. पलीकडे अख्खा डोंगर रेलून उभा आहे, आणि तुम्ही हात ठेवलात त्या क्षणीही ती भिंत त्याला धरून आहे.