भट्टीतला चौथा

“पप्पा, बघा तरी की एकदा,” म्हणत मोनानं मोबाइल बापाच्या नाकासमोर धरला.

पडद्यावर आगीच्या लोळातून कुणी पिळदार हिरो चालत येत होता, मागं ढोल वाजत होते आणि त्याच्या धडावर तिच्या बापाचं, बेंजामिन आवळेचं डोकं बसवलेलं होतं. फोटो आधार कार्डावरचा, त्यामुळे हिरो जरा घाबरलेलाच दिसत होता. खाली लिहिलं होतं, ‘भट्टीतून सुखरूप! उपकारस्तुती, शनिवारी संध्याकाळी.’

“चर्चच्या ग्रुपवर टाकलंय. सगळ्यांनी अंगठे दिलेत.”

“बयाक्कांनी बघितलं आसंल?”

मोनाचा चेहरा उतरला. “त्यांच्याकडं कुठला ओ मोबाइल?”

“गल्लीत घरोघरी हाय की.”

शिरोलीच्या फौंड्रीत भट्टी उसळली तेव्हा तिच्यापुढच्या फलाटावर दोघंच होते, बेंजामिन आणि बयाक्कांचा, म्हणजे बयाबाईंचा पोरगा राजवीर. भंगारातल्या कुठल्याशा तोंड दाबलेल्या नळीत पाणी राहून गेलं होतं. वितळलेल्या लोखंडात पाणी गेलं की क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफेला जागा लागते. वरचा रस उडवून ती जागा करून घेते. कुणाचं पाप-पुण्य बघायला तिला सवड नसते. बेंजामिन नेमका त्याच वेळी पडलेला हातमोजा उचलायला वाकला होता. त्याची पाठ आणि डावा हात भाजला. राजवीर उभा होता. दवाखान्यात नेल्यावर त्यानं डोळे उघडलेच नाहीत.

राजवीर दोन घरं सोडून पलीकडं राहायचा. जेवायला दोघं एकत्र बसत. मोनाच्या आईची भाकरी जाड असते, असं बेंजामिन एकदा बोलून गेला आणि फसला. तेव्हापासून बयाबाई पोराच्या डब्यात त्याचीही भाकरी घालू लागल्या. डबा उघडल्यावर बेंजामिन डोळे मिटून प्रार्थनेला लागायचा. ती जरा लांबायचीच. मग राजवीर कोपरानं ढोसायचा, “मामा, आमेन म्हणा की लवकर. पोटात कावळं वरडाय लागल्यात.”

माणूस आजारातून, अपघातातून उठला की घरी उपकारस्तुतीची प्रार्थना घालायची, आणि देवानं आपल्याला कसं राखलं याची साक्ष त्यानं सगळ्यांपुढं द्यायची, ही त्यांच्या मंडळीची रीत. पाळकसाहेबांनी बायबलमधला पाठही काढून ठेवला होता: राजाच्या मूर्तीपुढं वाकले नाहीत म्हणून भट्टीत टाकलेले तिघे, आणि आत त्यांच्यासोबत फिरताना दिसलेला देवदूतासारखा चौथा.

हा पाठ बेंजामिननं संडे स्कूलच्या पोरांना वर्षानुवर्षं रंगवून सांगितला होता. त्यांच्या केसालासुद्धा धग लागली नाही, असं म्हणत तो स्वतःच्या टकलावरून हात फिरवायचा आणि पोरं खिदळायची. रोज भट्टीपुढं उभं राहूनही त्याला कधी अडचण वाटली नव्हती. आता वाटत होती. ते तिघे वाकले नाहीत म्हणून आगीत गेले; आपण वाकलो म्हणून वाचलो. बरं, देवानं आपल्याला वाकवलं म्हणावं, तर राजवीरला उभं कुणी ठेवलं? या प्रश्नानं त्याची झोप उडाली होती.

शनिवारी घर भरलं. गीत झालं, पाठ वाचून झाला. तेवढ्यात बयाबाई आल्या. कुणी बोलावलं नव्हतं, बोलवायचं धाडसच कुणाला झालं नव्हतं. त्या उंबऱ्याशीच टेकल्या.

“बेंजामिनभाऊ, उठा,” पाळकसाहेब म्हणाले. “देवानं तुम्हाला कसं राखलं ते मंडळीला सांगा.”

बेंजामिन उठला. भाजलेला हात त्यानं पाठीमागं घेतला.

“मोजा पडलाता म्हणून मी वाकलोतो. राजवीर उभा हुता. मी वाचलो, त्यात एवढंच हाय.”

सवयीनं कुणीतरी ‘आमेन’ म्हणालं आणि ओशाळलं.

“देवानं मला निवडून काढलं म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई. तसं म्हटलं तर त्या पोराला त्यानं सोडून दिलं, आसं हुतंय. ते मी म्हणणार न्हाई. त्या तिघांनी बी आधीच राजाला सांगितलंतं, आमचा देव सोडवंल, आन् न्हाई सोडवलं तरी बी आम्ही तुझ्या मूर्तीपुढं वाकणार न्हाई. पोरांना सांगताना हे मी गडबडीत उरकायचो. पुढं चौथा यायचा न्हवं! पर त्यो चौथा भट्टीच्या भाईर उभा न्हवता. आत हुता, जी आगीत हुती त्यांच्यापाशी.”

उंबऱ्यावरून बयाबाईंनी विचारलं, “म्हंजे माझा राजू एकटा न्हवता, आसं म्हणायचं हाय काय तुमास्नी?”

व्हय म्हणणं सोपं होतं. सगळ्या माना त्यासाठी आधीच हलायला लागल्या होत्या.

“मला दिसलं न्हाई, आक्का,” बेंजामिन म्हणाला. “माझं तोंड खाली हुतं. पर मी तेवढंच धरून बसलोय. ते सुटलं तर माझ्याकडं काय बी न्हाई.”

बयाबाई चौकटीला धरून उठल्या.

“कामावर कवा जाणार?”

“सोमवारी.”

मोना चहाचा कप घेऊन धावली, तोवर बयाबाई गल्लीत पोचल्या होत्या. कप तसाच खाली ठेवून मोनानं मोबाइल उघडला आणि तो आगीतला हिरो पुसून टाकला.

सोमवारी सकाळी बेंजामिनच्या दाराच्या कडीला डबा अडकवलेला होता. राजवीरचा. दुपारी भोंगा झाल्यावर बेंजामिन नेहमीच्या जागी, वाळूच्या ढिगाआड जाऊन बसला. झाकण काढलं. भाकरी दोघांपुरती होती.

त्यानं डोळे मिटले. प्रार्थना लांबत गेली. कुणी घाई केली नाही.