बाईंची सूर्यफुलं

चाळीस वर्षं मी चित्रांना फ्रेमा करतोय. मला स्वतःला साधं मांजर काढता येत नाही, पण चित्र काढणारा हात ओळखता येतो. नातीच्या बालवर्गाच्या बाईंनी ‘थोर चित्रकारांची ओळख’ या प्रदर्शनासाठी तीस चित्रं माझ्याकडे पाठवली आणि पहिल्या पाचातच माझं डोकं फिरलं. तीसही चित्रांत फुलदाणीतली तीच जगप्रसिद्ध सूर्यफुलं. खाली चार-चार वर्षांच्या तीस पोरांची नावं, आणि वर एकाच मोठ्या माणसाचा ब्रश. प्रत्येक पाकळीला तोच ऐटबाज झटका होता.

मी बाईंना फोन लावला.

“पालक येणार ना हो,” त्या म्हणाल्या. “मुलांनी नुसता चिखल केला होता. मी जरा हात फिरवला.”

वर तोंड करून सांगतात, हात फिरवला. मला शिसारी आली. मूळ सूर्यफुलं काढणाऱ्या ज्या माणसाच्या चित्रांना हयातीत लोकांनी नावं ठेवली, त्याचीच ओळख करून देताना ही बाई पोरांच्या चित्रांना नावं ठेवत होती.

नातीचा कागद उलटा केला, तर मागे तिचं खरं चित्र. कागद वाचवायला बाईंनी त्याच्याच पाठीवर आपली सूर्यफुलं काढली होती. भलंमोठं पिवळं फूल, कागदात न मावणारं, आणि मधोमध तपकिरी रंगात बुडवून उमटवलेला अख्खा तळहात. महिनाभर पोरगी घरी रंगांना शिवत नव्हती. विचारलं की म्हणायची, मला येत नाही. आता कळलं, हे कुणी शिकवलं ते.

तिनं पुन्हा रंग हातात घ्यावेत, एवढंच मला हवं होतं. मी ती मागची बाजू पुढे घेऊन फ्रेम केली, काचसुद्धा चांगल्यातली घातली.

प्रदर्शनात पालक बाईंच्या सूर्यफुलांपुढे आपापली पोरं उभी करून फोटो काढत होते. माझी फ्रेम दिसताच सून कुजबुजली, “बाबा, हे काय लावलंत?” मी नातीला कडेवर घेऊन चित्रासमोर गेलो.

“हे कुणी काढलंय, सांग बघू?”

तिनं एकदाच पाहिलं आणि माझ्या खांद्यात तोंड लपवलं.

“आजोबा, उलटं करा ना,” ती म्हणाली. “हे घाण आहे. माझं चांगलं मागे आहे.”

बाई शेजारीच होत्या. त्या कौतुकानं हसल्या.

“बघा,” मला म्हणाल्या, “पोरीची नजर तयार झाली.”