आधी कासव, मग उंबरा

"आला! आला! किरण आला!"

जोतळाईच्या देवळात तीनशे माणसं एकदम ओरडली आणि दगडी छतातली वटवाघळं घाबरून उडाली. गाभाऱ्यात देवीच्या काळ्या तोंडावर उजेडाचा लखलखीत तुकडा येऊन बसला होता. नथ झळकली, चांदीचे डोळे झळकले. बायांनी पदर पसरले, बाप्यांनी टोप्या काढल्या, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं त्यांनी मोबाइल उंच धरले.

खांबाशी किरणानंद महाराज हात वर करून उभे होते.

"पंचवीस वर्षं सूर्यनारायण या दारात पाऊल ठेवत नव्हता! आम्ही एकवीस दिवस निराहार बसलो, तेव्हा त्याला यावंच लागलं. माता आता ज्याच्याकडे बघेल त्याचा रोग जळून जाईल! गोळी, औषध, इंजेक्शन ही सगळी संशयाची पोरं! संशय खिशात घेऊन मातेपुढं उभे राहू नका!"

निराहार महाराजांच्या दाढीत सकाळच्या शिऱ्याचा रवा अजून तग धरून होता. पण भक्तांच्या नजरा देवीवर होत्या.

सगळ्यांत पुढं हरणाबाई बसली होती, दहा वर्षांच्या संयोगिताला कुशीत धरून. नातीला फेफरं यायचं. कराडच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून सव्वा वर्षात एकदाही आलं नव्हतं. तरी चार दिवसांपूर्वी हरणाबाईनं गोळ्यांचं पाकीट स्वतःच्या हातानं कृष्णेत सोडलं होतं. सून रेश्मा आडवी आली, तर तिला म्हणाली, "माझा सख्खा भाऊ सांगतोय. त्यो खोटं बोलंल व्हय?"

भाऊ म्हणजे गुंडा, देवळाचा गुरव. त्याच्याआधी त्यांचा बाप गुरव होता. हरणाबाईचं सारं लहानपण या देवळात गेलेलं. बाप सांगायचा, देवीनं पाथरवटाला दार मावळतीला ठेवायला लावलं. दिवसभर राबून दमलेल्या सूर्यानं घरी जाताना आपल्या उंबऱ्यावर घडीभर टेकावं म्हणून. त्रिपुरी पुनवेच्या आसपास तीन दिवस तो टेकायचाही. मग गावानं मावळतीला पाण्याची टाकी बांधली. घरोघर नळ आले, पण कलतं ऊन टाकीमागं अडकलं, आणि किरणांबरोबर जत्राही आटली.

ती जत्रा आज पुन्हा भरली होती. "आई, माझ्या पोरीकडं बघ गं," हरणाबाई म्हणाली. थोड्या वेळानं उजेड विझला. लोक नारळ फोडायला उठले आणि तेवढ्यात संयोगिता तिथंच कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस.

"रोग बाहेर पडतोय!" महाराज गरजले. "बोला, जोतळाईच्या नावानं..."

"चांगभलं!" तीनशे माणसं ओरडली. त्या घोषात रेश्मानं लेकीला एकटीनं कुशीवर वळवलं. सासूकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी पोरीला घेऊन कराडला गेल्या. डॉक्टर ओरडले नाहीत, हेच हरणाबाईला जास्त लागलं. "आजी, गोळ्या अशा एकदम तोडल्या की फेफरं उलटून येतं. पोरगी हातची गेली असती," एवढंच ते म्हणाले.

येताना एसटीत संयोगिता खिडकीला डोकं टेकून बसली होती. मधेच म्हणाली, "आज्जे, काल कासवावर ऊन आलंच न्हाई."

"काय?"

"तूच सांगतीस न्हवं? आधी कासव, मग उंबरा, मग पाय, मग तोंड. काल एकदम तोंडावरच आलं. कासव सावलीतच व्हतं."

हरणाबाई पोरीकडं वळली. खरंच की! सूर्य जसा खाली उतरेल तसं ऊन फरशीवरनं रांगत आत यायचं. गाभाऱ्यापुढं जमिनीत कोरलेलं दगडी कासव आधी न्हायचं, मग उंबरा, तेव्हा कुठं देवीचे पाय. आणि तेही अगदी दिवस बुडताना. काल तर साडेचारच वाजले होते!

साडेचारला ती पुन्हा देवळात होती. "आला! आला!" झालं. हरणाबाईनं आधी कासवाला हात लावला. गार. मग तीनशे माणसं पुढं बघत असताना ती एकटी मागं वळली. धुपाच्या धुरात लोकांच्या डोक्यांवरून उजेडाची सरळ दांडी गेली होती. तिचं दुसरं टोक होतं अंगणातल्या दीपमाळेवर.

दीपमाळेवर दिवे लावायला गुंडा चढला होता, असं सगळे समजत होते. हरणाबाईनं पदर खोचला आणि साठीच्या गुडघ्यांना शिव्या देत, दिवे ठेवायच्या एकेका दगडी हातावर पाय ठेवत ती वर चढली.

वर झेंडूच्या माळांत एक आरसा जवळजवळ निजवून ठेवला होता, टाकीच्या वरून येणारं ऊन झेलून सरळ गाभाऱ्यात फेकेल असा. खालच्या माणसाला दिसायची सोयच नाही. आरशाच्या कोपऱ्यात तीन टिकल्या चिकटलेल्या होत्या. तिच्याच.

भाऊबीजेला ओवाळून घेतल्यावर गुंडा म्हणाला होता, "अक्का, पालखीला लावाय तुझ्या कपाटाचा आरसा दे." बापानं लग्नात दिलेल्या कपाटाचा. तिनं हौसेनं पुसून दिला होता.

"अक्का, खाली जा. वरडू नगंस," गुंडा कुजबुजला. "देऊळ ओस पडलं व्हतं गं. वातीला सुदिक कोन येत न्हवतं. बघ की, किती माणसं आल्याती!"

"आरसा मागितलास, दिला. देवळासाठी जीव मागितला असतास तरी दिला असता," हरणाबाई म्हणाली. "पर तुला ठावं व्हतं ह्यो आरसा हाय. आन तरी माझ्या दारात येऊन म्हणालास, अक्का, पोरीच्या गोळ्या सोड."

"महाराज म्हणालं, एखादी पोरगी बरी झाली तर लोकांचा इश्वास..."

"आन मेली असती तर?"

गुंडा घसरलेली झेंडूची माळ पुन्हा आरशाच्या कडेला ओढू लागला.

हरणाबाईनं पदर सोडला आणि आरशावर टाकला. गाभाऱ्यात देवीचं तोंड काळं झालं. पदर उचलला, उजळलं. पुन्हा टाकला.

"अगं बाई, आई डोळा मिचकावतीया!" आतनं कुणीतरी किंचाळलं.

"आई न्हाई, मी मिचकावतीया!" हरणाबाई वरून ओरडली. "मागं वळा की जरा! हिकडं वर बघा!"

तीनशे माना वळल्या. हरणाबाईनं पदर काढून आरसा हलवला. उजेडाचा तुकडा देवीवरनं निघाला, छतावर नाचला आणि शेवटी महाराजांच्या दाढीवर जाऊन बसला, आजच्या ताज्या रव्यासकट. महाराजांना तेवढ्यात काहीतरी तातडीचं आठवलं. ते मागच्या दारानं गेले, ते गेलेच.

"देवीच्या पाया पडा, माझं काय म्हणनं न्हाई. मी बी पडती," हरणाबाई म्हणाली. "पर चमत्कार दिसला तर त्यो कुठनं आला त्ये वळून बघा. सांगणारा सख्खा भाऊ असला तरी बघा. मी बघितलं न्हाई. माझी नात जाता जाता वाचली."

खाली उतरताना गुंडानं हात पुढं केला. तिनं दगड धरला.

दिवस बुडताना देवळाच्या पायरीवर नात आणि आजीच उरल्या होत्या. मागून रेश्मा गोळी घेऊन आली आणि ती सासूच्या हातात ठेवली.

"आज्जे, मग खरं ऊन कुठं हाय?" संयोगितानं विचारलं.

"टाकीच्या मागं."

"ते आता येनारच न्हाई?"

हरणाबाईनं अंगणातला नळ सोडला, तांब्या भरला आणि गोळी नातीच्या तळहातावर ठेवली.

"हे पानी त्याच टाकीचं हाय. घे. गीळ बघू."